खंडेनवमीची धार

लातूरचं घर विकून झालं, कागदपत्रं झाली, आणि मग घेणाऱ्याचा फोन आला. "गुरुजी, मागच्या खोलीत पोत्यात बांधलेलं काही लोखंड निघालंय. भंगारवाल्याला देऊन टाकू का?" मी जवळजवळ ओरडलोच. हात लावू नका म्हणालो. दुसऱ्या दिवशी नांदेडहून पहिली एसटी धरली आणि लोहा गाव येईस्तोवर माझं मलाच हसू यायला लागलं. सत्तरी ओलांडलेला माणूस, गुडघे बोलतात, आणि चार जुन्या हत्यारांसाठी एवढा जीव टाकतो! पण अहमदपूर मागे पडलं तसं ते हसू आपोआप गेलं.

पोतं उघडलं तेव्हा आधी वास आला. राकेलचा, गंजाचा, आणि त्या दोन्हींच्या तळाशी कुठंतरी देवदाराचा. इतकी वर्षं वास कुठं दबा धरून बसतो कोण जाणे. मोठी पटाशी उचलली आणि मूठ धरली. त्या मुठीवर अंगठ्याच्या जागी एक खळगा आहे. लाकूड झिजून झिजून झालेला. मी ती पटाशी आयुष्याची कितीतरी वर्षं वापरली, पण त्या खळग्यात माझा अंगठा कधी बसला नाही. तो माझा नाहीच. तो डावखुऱ्या माणसाचा आहे आणि अजून तिथंच आहे.

दुष्काळाचं ते साल. मॅट्रिक होऊन मी दुष्काळी कामावर खडी फोडत होतो. त्या दिवसांतलं मला काय आठवतं, तर घणाखाली दगड फुटताना येणारा जळका वास, मोठ्या कढईत शिजणाऱ्या सुकडीचा गोडसर वास, आणि टँकरच्या पाण्याला येणारा लोखंडाचा वास. माणसं कमी बोलायची. गुरं तर ओरडायचीच नाहीत. गावोगाव बोअरचं मशीन फिरत होतं आणि जमिनीतून दिवसभर घरघर यायची, खाली कुणीतरी कण्हत असल्यासारखी.

अशा दिवसांत मला गिटार करायचं खूळ लागलं. नांदेडला जयंतीच्या कार्यक्रमाला एक गायन पार्टी आली होती. पेटी, ढोलक, बेंजो, हे सगळं आमच्याही गल्लीत होतं. पण त्या पार्टीतल्या एका पोरसवदा माणसाच्या मांडीवर गिटार होती. त्यानं भीमगीताच्या दोन कडव्यांच्या मध्ये नुसती एक तार छेडली, ती तार गाणं संपल्यावरही माझ्या छातीत वाजत राहिली. तो चहा प्यायला गेला तेवढ्यात मी सुतळीनं तिची मापं घेतली. लांबीला एक सुतळी, रुंदीला एक, आणि गळ्यावरच्या पितळी पट्ट्यांसाठी तिसऱ्या सुतळीला गाठी. विकत घ्यायचा विचार मनात आलाच नाही. तो विचार आमच्या घरात कुणाच्याच मनात कधी यायचा नाही. जे हवं ते करायचं, नाहीतर सोडून द्यायचं.

नांदेडलाच बाजापेट्या दुरुस्त करणारे एक चाचा होते. त्यांच्या दुकानात भात्याचं कातडं, पितळी सूर आणि सरस यांचा असा काही वास असायचा की आत गेल्यावर भूक लागायची. त्यांना सुतळ्या दाखवल्या. ते हसले नाहीत, हे मी अजून विसरलो नाही. चष्म्यावरून माझ्याकडं बघत म्हणाले, "दुकान का नवा चमकता माल मत लो मियाँ. पुराना लो, पन लोहा देख के लो. चार हत्यार बस हैं. और सुनो, पहले धार लगाना सीखो, बाजा बाद में." मी विचारलं, "धार लगाने में क्या सीखना?" तेव्हा मात्र ते पोट धरून हसले.

तर चार हत्यारं. लातूरच्या गुजरीत त्या वर्षी सुतारी हत्यारांचा नुसता खच पडला होता. शेतात पेर नाही, म्हणजे नांगर नाही, कुळव नाही, तिफण नाही. मग गावच्या सुताराला कोण विचारतो? बलुतं बंद झालेले सुतार गोणपाट अंथरून आपापली हत्यारं पुढ्यात मांडून बसले होते. वाकसं, किकरी, करवती, रंधे. नीट तेल लावून, पुसून. बसलेली माणसं मात्र हत्यारांकडं बघत नव्हती. सगळे समोरच्या भिंतीकडं बघत होते. मी आयुष्यात पुष्कळ बाजार बघितले, पण इतका गप्प बाजार पुन्हा बघितला नाही.

मी चाचांनी सांगितलेलं आठवत एकेक उचलून बघत होतो. पाठ सपाट आहे का, गंज वरवरचा आहे की पोटात गेलाय, पोलाद किती उरलंय. दगडावर हळूच ठोकून आवाज ऐकायचा. बद्द वाजलं की ठेवून द्यायचं. एका गोणपाटावर दोन पटाश्या होत्या, एक रुंद, एक निमुळती. जवळ हातात मावणारा एक रंधा आणि बारीक दात्यांची करवत. ठोकल्यावर पटाशी अशी वाजली की मी दचकलो. जिवंत वाजली. शेजारी धार लावायचा काळसर कुरुंदाचा दगड होता, मध्ये पाण्याच्या झऱ्यासारखा झिजलेला.

"काय करणार?" गोणपाटामागचा माणूस भिंतीकडं बघतच बोलला.

"बाजा करायचाय. सतारीसारखा असतो, पण मांडीवर आडवा घेऊन वाजवतात."

"सुताराचा न्हाईस तू."

"न्हाई."

"ऱ्हातो कुठं?"

मी गल्लीचं नाव सांगितलं. ते नाव सांगितलं की पुढचं काही सांगावं लागत नाही. त्यानं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. मग हत्यारं गोळा केली, फडक्यात बांधली, वर तो दगड ठेवला आणि गाठोडं माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवलं. मी उचललं. असं उचलायची आम्हाला सवय होती, आणि त्या सवयीचा राग यायचं माझं वय होतं.

चाचा का हसले ते मग कळलं. पटाशी धरून नुसती दगडावर घासली की धार येत नाही, उलट होती ती जाते. मी पाणी वापरायला भीत होतो. घरात प्यायचं पाणी झाकून ठेवलेलं, त्यातलं दगडावर ओतणार कसं? म्हणून राकेलवर घासायचो. सगळं घर वास मारायचं आणि बाबा, म्हणजे माझे वडील, शाळेतली शिपाईगिरी उरकून आले की दारातूनच खाकरायचे. खडबडीत काम मी पायरीच्या शहाबादी फरशीवर वाळू टाकून करायचो, मग कुरुंदावर. शेवटी न्हाव्याकडून आणलेल्या जुन्या चामोट्यावर पाठपोट फिरवायचो. हातावरचे केस निघाले की खूश. पण देवदारावर ठेवली की पटाशी लाकूड कापायच्या ऐवजी फाडायची, आणि रेघेवरून डावीकडं सरकायची. कितीही धरा, ती आपल्या जुन्या वळणानंच जायची. मी तिला शिव्या घालायचो.

देवदार म्हणजे गंजगोलाईतल्या कापड दुकानांमागे पडलेली खोकी. त्यांच्या फळ्यांतून मी गिटारीचं तोंड काढलं. बाजूच्या पातळ सागवानी पट्ट्या वाकवायला बोअरच्या पाइपाचा एक तुकडा मिळवला होता; त्यात निखारे भरायचे आणि ओल्या फडक्यानं पट्टी दाबत दाबत वाकवायची. चिकटवल्यावर घट्ट धरायला शिकंजे कुठले? सायकलच्या फाटक्या ट्यूबा कापून त्यांचे पट्टे गुंडाळायचे. सगळी गल्ली येऊन बघून जायची. "काय रे, पाळणा करायलास का?" असं विचारायची. माय म्हणायची, "करू द्या हो. हात रिकामे असले की पोराचं डोकं तापतं."

माझ्या मायबद्दल सांगायला हवं. तिचं नाव धुरपता. तिचं माहेर किल्लारीकडचं. गाव होतं, पण त्या गावात तिचं कुणी उरलं नव्हतं. आईबाप गेलेले, भाऊ नव्हताच. सणावाराला शेजारणींना कुणी ना कुणी न्यायला यायचं, भेटायला यायचं, साडीचोळी यायची. माय दारात बसून ते बघायची. कुणी विचारलंच तर हसून म्हणायची, "माझं माहेर पुसलं बाई." आणि उठून चुलीकडं जायची.

खंडेनवमीचा दिवस. दुसऱ्या दिवशी दसरा, म्हणजे आमच्या गल्लीत धम्मदीक्षेचा दिवस; पांढरे कपडे धुवून वाळत पडलेले, विहारात निळ्या पताका लागत होत्या. बाबा पताकांच्या दोऱ्याला गाठी मारत ओट्यावर बसले होते. तेवढ्यात गुजरीतला तो माणूस गल्लीत शिरला. खांद्यावर उपरणं, हातात झाकणाचा फिरकीचा तांब्या. माझ्याकडं न बघता बाबांना म्हणाला, "हत्यारं तुमच्याकडं हायत माझी. आज खंडेनवमी. सुताराला आज हत्यार पुजल्याबिगर अन्न जात न्हाई."

बाबा उठून उभे राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "ह्या घरात पूजा होत न्हाई, सुतार. आम्ही शपथ घेतलीय."

त्या माणसानं उपरण्याची गाठ चाचपली. उपरण्यात काहीतरी बांधलेलं होतं, कुंकू असेल, हळद असेल, ते त्यानं मुठीत घट्ट दाबून धरलं. मग म्हणाला, "बरं. कुंकू न्हाई लावत. फूल बी न्हाई. धार लावू द्या. एवढी तरी."

धार लावायला कोण नाही म्हणणार? बाबा पुन्हा पताकांच्या दोऱ्याकडं वळले. मी हत्यारं आणली. तो पायरीवर बसला. आणि आतून माय आली, त्याच्याकडं बघितलं आणि तिथंच थबकली.

"केरबादादा?"

त्यानं मान वर केली. "धुरपे? आगं, तू हितं दिलीस व्हय?"

तो तिच्या गावचा सुतार होता. लहानपणी ती त्याच्या कामाच्या छपरीबाहेर, लिंबाखाली उभी राहून रंध्याच्या कुरळ्या पट्ट्या उडताना बघायची. आत जायची सोय नव्हती. त्या पट्ट्या गोळा करून बांगड्यांसारख्या हातात घालायची. हे सगळं तिनं मला त्या दिवशी सांगितलं, म्हणजे माझ्याशी बोलत होती पण सांगत त्याला होती. मला म्हणाली, "मामा हाय तुझा. मामा म्हण." मी म्हणालो, "सुतार आहेत ते." तिनं पदर डोक्यावर नीट ओढून घेतला.

त्यानं दगड मांडला आणि पाणी मागितलं. मायनं घागरीतून तांब्या भरून आणला. दुष्काळात एवढं पाणी! त्यानं ते दगडावर थोडं थोडं ओतलं, दगड ते पीत राहिला. मग खस्स्... खस्स्... डाव्या हातानं. पटाशी दगडावर अशी पडायची की वर-खाली होतच नव्हती, आख्खा माणूस कमरेतून पुढं-मागं हलायचा. त्याचा डोळा धारेवर नव्हता, कान होता. आवाज बारीक होत गेला, पाणी काळं होत गेलं. मध्येच त्याला तहान लागली तेव्हा त्यानं आपला फिरकीचा तांब्या उघडला आणि त्यातलं प्यायला. आमच्या तांब्यात पाणी होतं, त्याच्या गुडघ्याशी.

तो गेल्यावर बाबा म्हणाले, "बघितलंस? दगडाला आपलं पाणी चालतं, त्याला चालत न्हाई."

माय फरशीवरचं काळं पाणी पुसत होती. म्हणाली, "दगड तरी पेला न्हवं."

मला तेव्हा तिचा फार राग आला. आता येत नाही. पण तो तांब्या मी विसरलो आहे असं कुणी समजू नये.

मग दर खंडेनवमीला केरबा यायला लागला. दुष्काळ हटला, पाऊस झाला, विहिरी भरल्या, तरी येत राहिला. कुठल्यातरी कारखान्याच्या ऊसतोडीवर जातो म्हणायचा, कधी सडकेच्या कामावर. सुतारकी त्यानं सोडली ती सोडलीच. वर्षातून एक दिवस आमच्या पायरीवर बसून तो सुतार व्हायचा. माय समोर सुपात धान्य घेऊन बसायची आणि खस्स्-खस्स् चालू असताना गाव विचारून घ्यायची. कोणती चिंच पडली, कुणाच्या विहिरीला पाणी लागलं, कुणाची लेक कुठं दिली. त्या दिवशी तिची भाषा बदलायची, हसणं बदलायचं. एरवी आमच्या घरात कुणी न ऐकलेल्या आवाजात ती "आगं बया!" म्हणायची. संध्याकाळच्या एसटीला तो निघाला की ती गल्लीच्या तोंडापर्यंत जायची. परत येऊन दिव्याच्या काचा पुसत बसायची, आणि तिच्याशी बोलायला जाऊ नये हे आम्हाला कळायचं.

माझी धारही त्याच्याकडं बघून बघून सुधारली. राकेल सोडलं. पटाशी डावीकडं का जाते ते कळलं, तिची धारच त्याच्या हातानं तिरपी झिजलेली होती. सरळ करता आली असती. मी केली नाही, माझा हात तिच्या वळणावर नेला. पुढच्या सालीच गिटार उभी राहिली. चाचांनी नांदेडहून तारा पाठवल्या. गळ्यावरच्या पट्ट्या एक-दोन ठिकाणी चुकल्या होत्या, सुतळीच्या गाठी शेवटी गाठीच. आतल्या बाजूला खोक्यावरची निळी अक्षरं तशीच राहिली होती, भोकातून डोकावलं की दिसायची. पण वाजली! खंडेनवमीला केरबा आला तेव्हा मी ती त्याच्या पुढ्यात धरली आणि तार छेडली. त्यानं वाजवणाऱ्या हाताकडं बघितलंच नाही. कान पाठीला लावला, बोटाच्या पेरानं टकटक केलं, आणि हळूच म्हणाला, "आत कुणीतरी बसलंय रं."

तेव्हा मी हसलो होतो. पण नंतर एकटा वाजवत बसलो की मला तेच वाटायचं. दार बंद करून वाजवायची भीती वाटायला लागली.

भीती वाटायला आणखी एक कारण होतं. हत्यारं आपोआप बोथट व्हायची. वर्षभर मी त्यांना जपायचो, तेलाचं फडकं, चामोटं, सगळं. गिटारीनंतर गल्लीतल्या लोकांचे बेंजो दुरुस्त करायचो, दोन गिटारी आणखी केल्या. धार टिकायची. आणि पितरपाट सरता सरता एके दिवशी पोतं उघडावं तर पटाशीला धारच नाही. नखावर ठेवली तर घसरते. पहिल्या वेळी वाटलं, पावसाळी हवा. दुसऱ्या वेळी वाटलं, पोलाद सरलं. चाचांना विचारलं, ते म्हणाले पोलाद असं सरत नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, "इकलेल्या हत्याराला मालकाची याद येती." बाबांनी तिला झापलं, असलं काही नसतं म्हणाले. मीही म्हणालो नसतं. पण पोतं उघडायच्या आधी मी दार सताड उघडायचो, हे खरं आहे.

एका दुपारी मी लवकर घरी आलो. तोवर मी शिक्षक झालो होतो, सायकलवर यायचो-जायचो. दारातून खस्स्-खस्स् ऐकू आलं आणि मी सायकल तिथंच टेकवली. खंडेनवमीला अजून अवकाश होता. भिंतीआडून बघितलं तर पायरीवर माय. पटाशी उभी धरून शहाबादी फरशीवर तिची धार घासत होती. जीभ ओठाच्या कोपऱ्यात, सुईत दोरा ओवताना असायची तशी. एक झाली की पदरानं पुसली, दुसरी घेतली. मग सगळी नीट फडक्यात गुंडाळून, पोत्याची गाठ मी मारतो तशीच मारून ठेवली.

संध्याकाळी भाकरी थापता थापता तीच म्हणाली, "काम लवकर झालं की लवकर जातो त्यो."

त्या वर्षी केरबा बसला, पटाशी उचलली, अंगठा धारेवरून आडवा फिरवला. तो म्हणाला, "ही कामानं बोथट झालेली न्हाई." माझ्याकडं नाही, चुलीकडं बघत म्हणाला. आत भांड्यांचा आवाज थांबला. मग तो जरा मोठ्यानं म्हणाला, "असू दे. आज लई येळ लागंल." आणि दगडावर पाणी ओतलं.

मग लातूर जिल्हा झाला. पेढे, गुलाल, मिरवणुका. पाट्यांवरचं जुन्या जिल्ह्याचं नाव खरवडून नवीन रंगवलं जात होतं, ओल्या रंगाचा वास गावभर. जीपगाड्या वाढल्या. भाड्याच्या घरांत कचेऱ्या सुरू झाल्या आणि त्या सगळ्यांना टेबलं हवी, खुर्च्या हव्या, कपाटं हवी. रस्त्याच्या कडेनं कंत्राटदारांचे पत्र्याचे मांडव पडले आणि खेड्यापाड्यातले सुतार पुन्हा गोळा व्हायला लागले. केरबाही एका मांडवात कामाला लागला. खंडेनवमीला आला तेव्हा त्याच्या अंगाला भुशाचा वास होता.

मी हत्यारं त्याच्या पुढं ठेवली आणि म्हणालो, "घेऊन जा. तुमचीच आहेत. आता काम आहे, तर लागतील."

त्यानं हात मागं घेतला. "न्हाई. कंत्राटदाराची हायत तिथं. धार न्हाई का काई न्हाई, पर हायत."

"मग हीच घ्या की."

"दिलेली लेक माघारी आणत्यात का?" तो म्हणाला. "सणाला यावं. बघून जावं. बास."

माय सुपातलं धान्य पाखडत होती. तिचा हात थांबला. "लेकीला बघाय तरी येतंय कुणी," ती म्हणाली. चिडून नाही. सहज, धान्यातला खडा काढून टाकावा तशी. पण केरबाच्या हातातली पटाशी दगडावर तशीच टेकून राहिली. त्याच्या ओठांवर काहीतरी आलं होतं. आलं होतं एवढं नक्की, मी समोरच होतो. त्यानं ते गिळलं आणि पाणी ओतलं, गरजेपेक्षा जास्त, फरशीवरून ओघळ खाली मातीत गेला.

जाताना त्यानं फिरकीचा तांब्या उचलला. प्यायला तो त्यातलंच. अगदी त्या शेवटच्या खेपेलाही.

पुढच्या खंडेनवमीला तो आला नाही. मायनं हत्यारं बोथट करून ठेवलेली होती. सकाळपासून पायरीवर बसून राहिली. दुपारी म्हणाली, एसटी चुकली असंल. दिवस कलल्यावर म्हणाली, कंत्राटदारानं सुट्टी दिली नसंल. मग उठून दिव्याच्या काचा पुसायला लागली. दुसऱ्या दिवशी विहारात सगळे पांढऱ्या कपड्यांत जमले, मी गिटार वाजवली, लोकांनी वाहवा केली. ती मागच्या ओळीत बसली होती आणि तिचं लक्ष रस्त्याकडं होतं.

दिवाळीच्या तोंडावर एक दिवस, मी ओट्यावर वह्या तपासत बसलो होतो. एक तरुण पोरगा गल्लीत शिरला, दारं मोजत मोजत आमच्या दारापाशी थांबला. डोक्याचं मुंडण केलेलं, वर टोपी. चप्पल बाहेर काढून उभा राहिला.

"आत्या हायत का घरात?"

मला वाटलं, घर चुकला. माझ्या मायला आत्या म्हणणारं जगात कुणी नव्हतं. "कोणाची आत्या?" मी विचारलं.

"धुरपाआत्या. मी केरबा सुताराचा थोरला." तो खाली बघत होता. "बाप गेला. मंगळवारी तेरवी हाय. बाप म्हणला व्हता, भावकीला मागनं सांगा, लातुरात आत्या हाय, तिला पयलं सांगा."

आतून माय आली. तिनं सगळं ऐकलं होतं. हात पिठानं भरलेले. उंबऱ्याजवळ आली, त्या पोराकडं बघितलं, त्याच्या टोपीखालच्या मुंडणाकडं बघितलं, आणि मटकन खाली बसली. आणि मग तिनं हंबरडा फोडला. "माझ्या दादा रं..." असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता. सासरच्या माणसांसाठी ती रडली होती, पोटच्या गेलेल्या लेकरासाठी रडली होती, पण हे रडणं निराळं होतं. गाणं म्हणावं तसं ती त्याला हाका मारत होती. लिंबाचं नाव घेत होती, रंध्याच्या पट्ट्यांचं नाव घेत होती. पाण्याचं काही बोलली नाही.

बाबा आतून आले. दारात उभे राहिले. त्यांचं तोंड कसंनुसं झालं होतं. ज्यांनी त्या माणसाला पहिल्या दिवशी कुंकू लावू दिलं नाही, तेच बाबा आत गेले आणि खांद्यावर सतरंजी घेऊन बाहेर आले. घरात कुणी गेलं की ओट्यापुढं अंथरतात तशी त्यांनी ती अंथरली, कोपरे ओढून सरळ केली, आणि त्या पोराचा हात धरून त्याला तिच्यावर बसवलं.

गल्लीतल्या बायका धावत आल्या. मायला धरून बसल्या, तिच्याबरोबर रडायलाही लागल्या. पण कुणासाठी रडायचं ते त्यांना ठाऊक नव्हतं. आमच्या घरातली माणसं तर सगळी समोर दिसत होती. आणि हिला माहेर नाही, भाऊ नाही, हे अख्ख्या गल्लीला माहीत.

"कोण गेलं रे?" शेजारच्या म्हातारीनं मला विचारलं. "कोण गेलं तिचं?"

बाबा माझ्याकडं बघत होते. तो पोरगाही बघत होता. माय मध्येच थांबली, पिठाचे हात मांडीवर तसेच पडलेले, तीही बघत होती.

"मामा," मी म्हणालो. "माझा मामा गेला."